दोन गुण कमी

लिंडसे पॅस्कोचं मत म्हणजे द्वीपकल्पावरच्या पोर्ट वॅडल गावच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात शेवटचा शब्द. दर महिन्याला तो जुन्या गाड्यांवरचं एखादं पुस्तक घरी न्यायचा, शेडमधल्या बाकावर बसून भिंग लावून वाचायचा आणि महिन्याच्या सभेत सगळ्यांचे सॉसेज-पाव खाऊन झाले की उभा राहून आपलं मत वाचून दाखवायचा. पुढे तेच क्लबाच्या मासिकात ‘वाचक म्हणतो’ या पानावर छापलं जायचं. प्रदर्शनात गाड्या तपासण्याची जी पद्धत, तीच त्याने पुस्तकांना लावली होती. शंभरापासून सुरुवात करायची आणि चूक दिसेल तसे गुण कापत खाली यायचं. फोटोतल्या गाडीच्या चाकाची टोपी पुढच्या सालची निघाली, कापा. रंगाचं नाव कारखान्याच्या यादीत नाही, कापा. मेलबर्नच्या कुणी अर्धं आयुष्य घालून लिहिलेल्या जाडजूड ग्रंथाला त्याने एकाहत्तर दिले होते, आणि तो बिचारा त्यावरही खूश झाला होता. चांगलं काय आहे हे सांगायला त्या पद्धतीत जागाच नव्हती. जे कापलं नाही ते चांगलं, असं आपलं आपण समजून घ्यायचं.

असं आपलं आपण समजून घेण्यात त्याच्या मुलीची, केरिनची, चाळिशी आली होती.

केरिन ॲडलेडला एका शाळेत शिकवायची. तिने पंधरा-सोळाच्या पोरापोरींसाठी एक कादंबरी लिहिली आणि ती चक्क खपली. इंटरनेटवर पोरींची मतं धो धो येत होती. एकीने लिहिलं होतं, रात्रभर रडले, सकाळी गणिताचा पेपर होता तो बोंबलला, तरी पाच तारे. दुसरीला नायिकेचा भाऊ इतका आवडला होता की तिने आपल्या कुत्र्याला त्याचं नाव ठेवलं होतं. एका शहाणीने एक तारा कापला होता. शेवट गोड केलाय, खऱ्या आयुष्यात असं होत नाही, म्हणे. काल जन्मलेली ती पोर, तिला खऱ्या आयुष्याचं काय पडलंय, असं म्हणून केरिन दिवसभर धुसफुसत राहिली. राग यायचं कारण एवढंच की पोरीचं बरोबर होतं.

कादंबरीतला भाऊ गाडीच्या अपघातातून वाचतो. केरिनचा भाऊ वाचला नव्हता.

डीन एकोणीस वर्षांचा होता. लिंडसेने जिवाचं रान करून उभी केलेली अठ्ठावन्न सालची होल्डन गाडी घेऊन तो शेजारच्या गावच्या फुटबॉल क्लबात गेला होता. येताना खडीवर गाडी घसरली, एकदाच कलंडली आणि पुन्हा चाकांवर येऊन उभी राहिली. दार उघडून डीन बाहेर फेकला गेला. गाडीचं एक दार आणि एक पत्रा, एवढंच काय ते नुकसान. गाडीत सीटचे पट्टे नव्हते. कायद्याने इतक्या जुन्या गाडीला ते लागत नव्हते आणि कारखान्यातून ती पट्ट्यांशिवायच आली होती. नंतर लावले असते तर प्रदर्शनात गुण कापले गेले असते. लिंडसेने लावले नाहीत. त्याच वर्षी डीन जायच्या आधी त्या गाडीला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले होते. द्वीपकल्पावर तेवढे आजवर कुणाला मिळालेले नव्हते.

पट्ट्यांबद्दल पॅस्कोंच्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. डीनबद्दल बोलायचे, त्याच्या वाढदिवसाला केक आणायचे, पण ती एक गोष्ट आली की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. लिंडसेने दार सरळ केलं, पत्रा बदलला, गाडीवर चादर घातली आणि दर रविवारी तिचं इंजिन चालू करून ऐकत बसू लागला. केरिनला तो आवाज सहन व्हायचा नाही. वर्षानुवर्षं तिला बापाकडून एकच गोष्ट हवी होती. पट्टे लावायला हवे होते, एवढं एकदा त्याने तोंडाने म्हणावं. विचारायची हिंमत नव्हती म्हणून तिने कादंबरी लिहिली. तिच्या कादंबरीतल्या तसल्याच गाडीत पट्टे आहेत, आणि म्हणून तो भाऊ जगतो. पुस्तकाची पहिली प्रत तिने बापाला पाठवली. शरद संपला, थंडी आली, गहू पेरून झाला. बापाचा शब्द नाही.

आणि मग क्लबाचं मासिक चालवणाऱ्या कोरल टेंबीचा फोन आला. कोरल म्हणजे उत्साहाचा झरा, समोरच्याला नको असला तरी वाहणारा. या महिन्यात ‘वाचक म्हणतो’मध्ये तुझंच पुस्तक आहे, तिने सांगितलं. मुखपृष्ठावर होल्डन आहे ना, मग नियमात बसतं, आणि लिंडसेने स्वतःहून मागून घेतलंय. रविवारी ये, तुझी आई खिमा-बटाट्याच्या पेस्ट्या करून आणणार आहे.

स्वतःहून मागून घेतलंय, हे ऐकून केरिनचा जीव टांगणीला लागला. रविवारपर्यंत तिने वर्गात काय शिकवलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घरात तोंड उघडत नाही तो माणूस चारचौघांत उभा राहून बोलेल, कारण त्याला बोलण्याची तेवढी एकच रीत येते, असं तिने मनाशी पक्कं केलं. आपल्या माणसाबद्दल माणूस काय काय पक्कं करून बसतो!

सभागृहात नेहमीचीच मंडळी होती. बाहेर ओळीने लावलेल्या चकचकीत गाड्या, आत पांढऱ्या केसांची डोकी आणि परतलेल्या कांद्याचा वास. लिंडसे इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. त्याने चष्मा लावला आणि खाकरून वाचायला सुरुवात केली. पान बेचाळीस, पुढच्या दिव्याची कड क्रोमची म्हटली आहे, बरोबर. पान सत्तर, थंडीत इंजिन चालू करायची रीत बरोबर. लिंडसे ‘बरोबर’ म्हणतोय हे ऐकून लोक एकमेकांकडे बघू लागले. गिअरचा दांडा, आतल्या कापडाचा रंग, दार लावतानाचा आवाज, सगळं बरोबर. हॉर्नचं वर्णन चुकलंय, एक गुण कमी. टाकीत बसते त्याहून जास्त पेट्रोल भरलंय, एक गुण कमी.

“पान एकशे अठ्ठ्याऐंशी,” त्याने वाचलं. “गाडीला सीटचे पट्टे दाखवले आहेत. या सालच्या गाडीला कारखान्यातून पट्टे येत नव्हते. नंतर लावलेली वस्तू. दोन गुण कमी.”

आवाज हलला नाही, कागद हलला नाही. एकूण शहाण्णव, असं म्हणून तो खाली बसला.

शहाण्णव! सभागृह नुसतं दणाणलं. पुस्तकाला लिंडसेने इतके गुण कधी दिले नव्हते. कोरलने केरिनला मिठी मारली. कुणी तिच्या पाठीवर थाप दिली, कुणी म्हणालं की रक्तातच आहे पोरीच्या. त्या खोलीतल्या अर्ध्याअधिक लोकांनी डीनच्या शवपेटीला खांदा दिला होता किंवा ते तिच्यामागून चालले होते. पट्ट्यांचं वाक्य एकालाही टोचलं नाही. ते सगळे गाडीवालेच होते, नंतर लावलेल्या वस्तूला दोन गुण जातातच. केरिनची आई बेरिल पेस्ट्यांच्या ताटामागे उभी होती आणि ताटावरचं फडकं पुन्हा पुन्हा सारखं करत होती. केरिनला वाटलं, आपल्याला भर सभेत थोबाडीत मारली आणि वर लोकांनी अभिनंदन केलं. तिने सगळ्यांचे आभार मानले. तेवढं शिक्षण तिला घरातच मिळालं होतं.

ती आईबाबांबरोबर घरी आली. बेरिलने किटली ठेवली. लिंडसे बूट काढून खुर्चीत बसला आणि म्हणाला, शहाण्णव चांगले आहेत. हॉर्नचं मला विचारलं असतंस तर सत्त्याण्णव झाले असते.

“बाबा, ते पट्टे का घातलेत मी?” केरिन म्हणाली.

लिंडसे वाकून पायमोजे काढू लागला.

“चुकून नाही घातले. त्या गाडीचा एकेक खिळा मला पाठ आहे. हॉर्न चुकला असेल माझा, पट्टे नाही चुकले.”

“ठाऊक आहे मला.”

“काय ठाऊक आहे?”

“का घातलेस ते. वाचता येतं मला, केरिन. पोरगा जगावा म्हणून घातलेस.” तो पायमोजे घडी करत होता. “ते पान मी किती वेळा वाचलं असेल, देवाला माहीत. शेडमध्ये बसून वाचायचो. गाडी उलटते, पट्टा आवळतो, आणि पोरगं उलटं लटकत शिव्या देतंय. डीन तश्शाच शिव्या द्यायचा.”

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येणार, असं केरिनला वाटलं. ती त्याच्यासमोर खाली बसली. त्या क्षणी त्याने अर्धा शब्द जरी उच्चारला असता, तरी तिने सगळं माफ केलं असतं.

“मग दोन गुण का कापलेत?” तिने हळूच विचारलं.

“कापावेच लागले.”

“कुणी सांगितलं कापायला? तुमचंच तर पान आहे ते.”

लिंडसेने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे कोरडे होते, आणि तिला त्यांची भीती वाटली.

“नाही कापले तर काय होईल?” तो म्हणाला. “त्या गाडीत पट्टे चालतात, असं होईल. लावता आले असते, असं होईल. माझ्या सहीने छापून येईल ते. ते छापून आल्यावर मी सकाळी उठायचं कशासाठी? सांग ना, तू शिकलेली आहेस.”

केरिनला हवी होती ती कबुली तिच्या पुढ्यात येऊन पडली होती, आणि ती उचलून घेण्यासारखी नव्हती. ज्या माणसाला वाकवायला तिने एवढं मोठं पुस्तक लिहिलं, तो त्या दोन गुणांच्या आधारावर उभा होता. ते काढून घेतले तर तो पडणार होता. तिला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा संतापही आला. कीव करायला ती एवढ्या लांब आली नव्हती.

“लावता आलेच असते, लिंडसे,” बेरिल म्हणाली.

ती ओट्याशी उभी होती, त्यांच्याकडे पाठ करून. किटली केव्हाची उकळून बंद झाली होती. लिंडसे खुर्चीतल्या खुर्चीत वळला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक पडला.

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तेच सांगतेय.” बेरिलने तीन कप काढले, तिन्हींत कॉफीची पूड घातली, पाणी ओतलं नाही. “केरिन, तुझ्या पुस्तकात ती आई आहे ना. गाडीपुढे आडवी पडते. पट्टे लावल्याशिवाय गाडी हलू देत नाही. त्या सगळ्या पोरी लिहितात, आम्हाला अशी आई हवी. मी वाचलीत त्यांची मतं, कोरलने फोनवर दाखवली मला.”

“आई, ते नुसतं...”

“ऐक. मी आडवी पडले नव्हते. मला सुचलं होतं, पण बोलले नाही. अठ्ठ्याण्णव गुण आले होते, सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा हसत होता. मी पण वाजवल्या टाळ्या.” मग ती नवऱ्याकडे वळली. “पट्टे नंतर लावलेले म्हणून दोन गुण कापलेस. ती बाई पण नंतरच लावलेली आहे. तिचे का नाही कापलेस?”

गाडीच्या पुस्तकात बायका तपासायची पद्धत नव्हती.

केरिन जमिनीवरच बसून राहिली. बापाला धडा शिकवायला म्हणून तिने ती आई रचली होती. खऱ्या आईला ते वाचताना काय वाटेल, हा विचार पुस्तकभर एकदाही तिच्या मनात आला नव्हता. हजारो पोरींनी त्या आईला पाच तारे दिले होते, आणि बेरिलने इथे ओट्याशी उभं राहून एकेक मत वाचलं होतं. पुस्तक परत घ्यायची सोय नसते. दुसरी आवृत्ती छपाईला गेली होती.

बेरिलने कपांत पाणी ओतलं आणि दोघांच्या पुढ्यात कॉफी ठेवली. स्वतःचा कप घेऊन ती मागच्या दाराने बाहेर गेली.