शिंपल्यांची जागा

शशिकांत मयेकरांच्या ताटात मासळी नसली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. विलायतेत, हाउन्सलोच्या घरी बांगडा तळायला घेतला की शेजारीण खिडक्या लावून घ्यायची, आणि मयेकर मुद्दाम मागचं दार उघडं ठेवायचे. असा माणूस बायको गेल्यावर, विमानतळावरची नोकरी संपल्यावर, स्कॉटलंडच्या डोंगरात दोन खोल्यांचं घर घेतो, गळ टाकायला शिकतो आणि हाती लागलेला प्रत्येक मासा पाण्यात सोडून देतो, हे कोडं त्यांच्या मुलीला, वरदाला, काही केल्या सुटत नव्हतं.

"हातात आलेला सॅमन सोडता, बाबा? बरं आहे ना सगळं?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"त्याला काम असतं गं नदीत."

"माशाला कसलं काम?"

"ये, म्हणजे दाखवतो."

जानेवारीत बाबा झोपेतच गेले. मे महिन्यात वरदा फार्लाग नदीच्या काठी पोचली ती त्यांची रक्षा पाठीवरच्या पिशवीत घेऊन. बाबांनी मागे कधीतरी सांगून ठेवलं होतं, माझी राख माझ्या जागेवर सोड. जागा कुठली, ते मात्र सांगायचं राहिलं होतं.

मासेमारी क्लबच्या पत्र्याच्या खोलीत दोघं तिची वाट पाहत होती. हेक्टर हा सत्तरीचा हरणांचा शिकारी. त्याची बंदूक कोपऱ्यात कुलूपबंद होती आणि त्याचा कुत्रा वरदाच्या पिशवीचा वास घेत होता. आयली क्लबची सेक्रेटरी, वरदाच्याच वयाची.

"तुझ्या वडिलांची जागा आम्हालाही हवी आहे," आयलीनं चहा ओतता ओतता सांगून टाकलं. "तुझ्याइतकीच."

मग तिनं सगळं सांगितलं. वरच्या डोंगरात एका कंपनीला सोन्याची खाण काढायची होती. खाणीचा गाळ नदीत उतरला असता. डोंगर वाचवायला शिकारी आणि गळवाले प्रथमच एकत्र आले होते. नाहीतर वाटेतली फाटकं कोण उघडी टाकतं, यावरून त्यांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणं. नदीत एके काळी मोत्याचे शिंपले होते. त्यांना कायद्याचं संरक्षण होतं; ते अजून जिवंत असल्याचं दाखवता आलं, तर खाणीला परवानगी मिळणं अवघड होतं. कंपनी म्हणत होती, पुलापासून वरच्या अंगाला एकही उरलेला नाही. पुढच्या आठवड्यात सुनावणी होती.

"आणि शॅशीनं, तुझ्या बापानं, पाहिले होते," हेक्टर म्हणाला. "पिल्लंसुद्धा. म्हणाला, पाणी उतरलं की आयलीला नेऊन दाखवतो."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत, कुठे म्हणून?"

हेक्टरनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला त्याचा पगार विचारला होता. "दुसऱ्याची जागा विचारत नाहीत, पोरी. माझा बाप मला त्याची जागा न सांगता मेला. शिवाय मोत्यांसाठी शिंपले फोडणारे चोर फिरतात. त्यानं तोंड बंद ठेवलं ते बरंच केलं." त्यानं कुत्र्याला जवळ ओढलं. "बरंच केलं असं तेव्हा वाटलं."

"आम्ही नदीतले सगळे खोल डोह पालथे घातले," आयली म्हणाली. "गळवाल्याची गुप्त जागा म्हणजे डोह. सॅमन तिथेच विसावतात. काही सापडलं नाही."

वरदानं पिशवी मांडीवर घेतली. आपले वडील डोहाच्या काठी बसले आहेत, असं चित्र काही तिच्या डोळ्यांसमोर येईना. बाबा एका जागी बसणारे नव्हतेच.

"ते परत यायचे तेव्हा कसे दिसायचे?" तिनं विचारलं.

"वेड्यासारखा!" हेक्टर खदखदून हसला. "छातीपर्यंतचे रबरी बूट घेतले होते, दुकानातले सगळ्यांत महागडे. ते खांद्यावर लटकवून यायचा. पायात काही नाही. पाय निळे. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली."

"गुडघ्यापर्यंतच?"

"गुडघ्यापर्यंत. का?"

वरदाला एकाएकी गुहागरजवळची ती खाडी आठवली. ती दहा वर्षांची असताना बाबा तिला ओहोटीच्या पाण्यात घेऊन उतरले होते, तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायला. चपला काढ, म्हणाले होते. डोळ्यांनी नाही, तळव्यांनी बघायचं. चिखलात तिसरी गुदमरते, नुसत्या गोट्यांत तिचा टिकाव लागत नाही. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला पाणी जिथे वळसा घेतं, तिथली वाळू खरखरीत आणि स्वच्छ असते. तिथे पाय रोव आणि थांब.

"ते मासे शोधत नव्हते," ती म्हणाली. "डोह सोडा. गुडघाभर पाणी, मोठे धोंडे आणि खरखरीत वाळू, हे तिन्ही एकत्र कुठे आहे?"

आयलीनं कप खाली ठेवला. "पुलाच्या वर, वळणापलीकडे. तिथे तर कुणीच गळ टाकत नाही."

तिघं निघाली. वाटेत मच्छरांहून बारीक चिलटांनी वरदाला फोडून काढलं. हेक्टर म्हणाला, पाहुण्यांचं रक्त त्यांना गोड लागतं. वळणाच्या अलीकडे मात्र तो थबकला आणि कुत्र्याला घेऊन पाठमोरा एका दगडावर बसला.

"तुम्ही येत नाही?"

"त्याची जागा आहे. मी कशाला बघू?"

वळणापलीकडे नदी उथळ होऊन धोंड्यांमधून वाहत होती. वरदा काठाकाठानं चालत एकेका धोंड्यामागची वाळू न्याहाळू लागली. इथे चिखल, तिथे नुसते गोटे. पुढे एक झाड पाण्यावर वाकलं होतं. त्याच्या बेचक्यात काहीतरी निळं दिसलं.

खोबरेल तेलाची बाटली होती. आतलं तेल थिजून पांढरं झालं होतं, फक्त उन्हाकडच्या अंगाला थोडं वितळलं होतं. गार पाण्यातून आल्यावर बाबा तळव्यांना तेल चोळत. खाडीवरही चोळत.

वरदानं बाटली हातात धरली. झाकण उघडून तिनं वास घेतला. मग नकळत वरदानं बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या.

"नको," आयली हळूच म्हणाली. "असतील तर पायाखाली येतील. त्यांना हात लावायचीसुद्धा मनाई आहे. नुसतं पाहायचं म्हटलं तरी मला परवाना काढावा लागला."

आयली काठावरच्या सपाट खडकावर पालथी झाली आणि काचेच्या तळाची बादली तिनं पाण्यावर टेकवली. पाहिलं. बादली थोडी सरकवली. पुन्हा पाहिलं.

"ये. माझ्या परवान्यावर बघ."

वरदा तिच्या शेजारी आडवी झाली. काचेखाली सोनेरी वाळू होती आणि वाळूत काळे शिंपले उभे रोवलेले होते, ओठ जरासे उघडून. त्यांच्यामध्ये नखाएवढी पिल्लंही होती.

"हे काळे मोठे आहेत ना," आयली म्हणाली, "त्यांतले काही तुझ्या आजोबांच्या वयाचे असतील. यांची पिल्लं आधी सॅमनच्या, ट्राउटच्या कल्ल्यांना चिकटून महिनोन्‌महिने फिरतात, मग वाळूत उतरतात. मासा नसेल तर शिंपलाही नाही."

"म्हणजे मासा त्यांना कडेवर घेऊन फिरतो," वरदा म्हणाली. तिला हसू फुटलं आणि काच धुरकटली. "हे काम होतं होय."

आयली फोटो काढत राहिली. सुनावणीत दाखवायला एवढं पुरेसं होतं. वरदा उठून बसली, पिशवीतून तिनं डबा काढला. जागा सापडली होती. बाबांनी सांगितल्याप्रमाणे करायला कसलीच आडकाठी नव्हती. आयलीनं कॅमेरा खाली केला.

"राख वाळूत बसते का गं?" वरदानं विचारलं.

आयलीनं पाण्याकडे पाहिलं. "बसते. पिल्लं वाळूच्या फटींतून श्वास घेतात."

चिखलात तिसरी गुदमरते. वरदानं झाकणावरून अंगठा फिरवला आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवला. तेलाची बाटली तिनं आधी खिशात टाकली. मग बाहेर काढली आणि परत बेचक्यात खोचली.

वळणावर हेक्टर अजून पाठमोराच होता.

"सापडली?"

"सापडली."

"कुठे ते सांगू नकोस." त्याची नजर तिच्या पिशवीकडे गेली. पिशवीचं वजन काही कमी झालेलं नव्हतं. "आणि शॅशी?"

"ही नदी समुद्राला कुठे मिळते?"

"खाली, वीसेक मैलांवर. डोंगरात शिरलेली खाऱ्या पाण्याची चिंचोळी पट्टी आहे. ओहोटीला तिथे निम्मा गाव शिंपले वेचत असतो."

"खाडी," वरदा मराठीत म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. तिथेही बाबांना करमेल. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे तुमच्याकडे?"

"तोंडपाठ आहे," हेक्टर म्हणाला आणि कुत्र्याला शीळ घालून पुढे चालू लागला.