एक्केचाळिसावी नळी

बावीस वर्षं संशोधक बाई एकाच विषाणूच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. तो कॅन्सरच्या गाठीत नुसता सापडत नाही, गाठ उठवतोही तोच, असं त्यांचं म्हणणं. आधी लोक हसले, मग गप्प बसले. चाळीस रुग्णांपैकी एकतीस जणांच्या गाठींत तो सापडल्यावर मात्र एका मोठ्या नियतकालिकानं त्यांचा लेख छापायला घेतला. छपाईला अकरा दिवस उरले होते.

"तुझं लग्न त्या विषाणूशीच लागलंय," घरी ताई म्हणायची. "मेहुणे म्हणून एकदा जेवायला तरी आण."

ताई, म्हणजे थोरली बहीण, शिवणकाम करायची. बाईंच्या पांढऱ्या कोटाला तिनं वही मावेल एवढा ऐसपैस खिसा लावून दिला होता. तो कोट म्हणजे बाईंचा जीव की प्राण.

नियतकालिकाला निकालाचा जरा स्पष्ट फोटो हवा होता, म्हणून तपासणी पुन्हा लावली. लावली ती प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी. वेळेला इतक्या पक्क्या, की सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. चाळीस नळ्यांत गाठींचे नमुने आणि एक्केचाळिसाव्या नळीत नुसतं शुद्ध पाणी. पाण्यात काही निघता कामा नये. निघालं, तर बाकीच्या चाळिसांचंही खरं धरायचं नाही.

फोटोत पाण्याच्या जागी फिकट रेघ उमटली होती, विषाणू असल्याची खूण.

"माझा चष्मा बदलायला झालाय का हो?" घड्याळबाईंनी विचारलं.

"नाही. मलाही दिसतेय."

संचालक साहेबांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. "पुसटशी तर आहे. एका नळीचं काय एवढं घेऊन बसलात?"

"पाण्याला कॅन्सर होत नाही, साहेब."

तीन दिवस दोघींनी प्रयोगशाळा पालथी घातली. पाणी नवं आणलं, टेबलं घासली, नळ्यांची खोकी बदलली. रेघ हटेना. चौथ्या दिवशी टिपण करायला म्हणून बाईंनी खिशात हात घातला आणि तो तिथंच थांबला.

विषाणू वाढवायची खोली वेगळी, नमुने उघडायची वेगळी, आणि दोन्हीकडचे कोटही वेगळे. हा नियम बाईंनीच लिहून दारावर चिकटवला होता. पण नमुन्यांच्या खोलीतल्या कोटाला खिसा नव्हता आणि वहीवाचून बाईंचं पान हलत नव्हतं. त्यामुळे ताईचा कोट त्यांच्याबरोबर दोन्हीकडे हिंडत होता, थेट नळ्या भरायच्या टेबलापर्यंत. इतरांना त्या नियमावरून फैलावर घ्यायच्या तेव्हाही अंगात तोच कोट असायचा.

त्यांनी ओल्या कापसानं बाही आणि खिशाची कड पुसली. "हे लावून बघा."

या वेळची रेघ ट्यूबलाइटसारखी लख्ख होती.

त्याच दुपारी बाईंनी छपाई थांबवायचं पत्र पाठवलं. साहेब स्वतः खोलीत आले.

"एकतीसचे वीस झाले तर?"

"तर वीस."

"आणि शून्य?"

बाईंनी वही मिटली. "तर शून्य. पण मोजल्याशिवाय मी सोडायची नाही."

घरी त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताईनं मशीन थांबवलं.

"म्हणजे माझ्या खिशानं तुझं वाटोळं केलं."

"खिसा तुझा गं. हात माझा होता."

"मग उसव. टीप चुकली की मी काय करते? वरून दुसरी मारली तर कापड आकसतं. मुकाट्यानं उसवायचं, शिव्या देत."

"मुकाट्यानं की शिव्या देत?"

"मनातल्या मनात."

रुग्णालयाच्या शीतपेटीत त्याच चाळीस जणांच्या गाठींचे न उघडलेले तुकडे होते. बाईंनी पलीकडच्या इमारतीत रिकामी खोली मागून घेतली. हत्यारं नवी, कोट बिनखिशाचे. वही खिडकीबाहेर, बाई आतून ओरडून सांगायच्या, बाहेर घड्याळबाई लिहायच्या. सात आठवडे हे चाललं. घसा बसला तेव्हा बाईंनी काचेवर बोटांनी आकडे दाखवले.

शेवटी पाणी कोरं निघालं. पाच वेळा लावलं, पाचही वेळा कोरं. आणि चाळिसांपैकी नऊ नमुन्यांत रेघ होती. पाचही वेळा त्याच नऊंत.

"नऊच?" साहेब म्हणाले.

"नऊ. आता कितीही धुतलेत तरी जायचे नाहीत." बाईंनी नवा लेख त्यांच्यापुढे ठेवला. पहिल्याच परिच्छेदात जुनी चूक कोटासकट लिहिली होती.

ताईनं हिशेब बोटांवर केला. "एकतीसातून नऊ गेले, म्हणजे बावीस वर्षांत बावीस चुका. वर्षाला एक. माझ्या तर एका फ्रॉकमध्ये दोन निघतात." मग तिनं दोन नवे कोट पुढे सरकवले. एकाला लाल खिसा, एकाला निळा. "लाल त्या मेहुण्यांच्या खोलीत. अदलाबदल केलीस तर मला लांबून कळेल."

बाईंनी वाटेत दोन वह्या घेतल्या. निळा कोट चढवून त्या नमुन्यांच्या खोलीत शिरल्या आणि कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिली: या नऊ जणांतच का?