राखून ठेवलेलं नाव

नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर, कॉफीच्या टेबलाशेजारी, पडद्यावर धूळ साचलेलं एक धूड उभं आहे ना मित्रांनो, तो मी. रक्त तपासणारं जुनं मशीन. माझी तार कधीच काढून टाकली आहे. माझ्या डोक्यावर कुणीतरी वेलचीच्या पावांचं ताट ठेवतं आणि मी ते मुकाट्याने सांभाळतो.

फिनलंडमधल्या या सरोवराकाठच्या इस्पितळात मी आलो, तेव्हा माझा थाट काय वर्णावा! त्याआधी रक्त खाली प्रयोगशाळेत पाठवावं लागे. मी मात्र बाळाच्या काचेच्या पेटीजवळच उभा असायचो. टाचेतून काढलेले थोडे थेंब मला दिले, की कॉफी ओतून होईतो आकडे हजर. डॉक्टर इंकेरी माझी पाठ थोपटून म्हणायची, "हा गडी खोटं बोलत नाही." मला त्याचा भारी गर्व होता. आज तोच टोचतो.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना आतड्याचा एक वाईट आजार होतो. पोट फुगतं, आतडं काळं पडू लागतं. अशा वेळी रक्तात एक आम्ल साठतं, त्याला लॅक्टेट म्हणतात. ते किती चढलं, यावरून बाळ तग धरेल का, याचा अंदाज बांधतात. एवढ्याशा बाळाच्या अंगात कॉफीच्या कपाएवढंही रक्त नसतं, आणि त्यातलं मी पुन्हा पुन्हा मागत असे.

तुइयाची मुलगी ओंजळीत मावेल एवढी होती. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाचं नाव फोडत नाहीत. तोवर सगळे तिला 'पापू' म्हणत, म्हणजे शेंगेतला दाणा. नाव मात्र ठरलेलं होतं. तुइया नवऱ्याला, यार्क्कोला, माझ्याशेजारीच कुजबुजायची, "हेल्वी. माझ्या आजीचं नाव. कुणाला कळता कामा नये हं!" मला कळलं होतं, पण मशीनला कोण विचारतो?

एका सकाळी पापूचं पोट टम्म फुगलं. माझ्यात रक्त घातलं, मी आकडा दाखवला. दुपारी पुन्हा घातलं, तर आकडा दुपटीहून जास्त.

"ऑपरेशन करतोय, तुइया," डॉक्टर इंकेरी म्हणाली. "पण हा आकडा इतका चढला, की बहुतेक बाळं वाचत नाहीत. नाव ठेवायचं असेल तर आत्ताच ठेवा."

पाद्री यायला वेळ नव्हता. अशा वेळी आमच्याकडे नर्सही कपाळावर पाणी घालून बारसं करू शकते. नर्स सोइलेने वाटीत कोमट पाणी घेतलं आणि विचारलं, "नाव काय ठेवायचं गं?"

तुइयाने तोंड उघडलं आणि तिची नजर माझ्या पडद्यावर गेली. तो आकडा तिथे लाल चमकत होता. मला तो पुसता येत नव्हता. मग तिची नजर नर्सच्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली, आणि तिथलं नाव तिने वाचून टाकलं.

"सोइले."

यार्क्को चमकला. "अगं, आपण तर..."

"सोइले म्हटलं ना मी!"

नर्सचा हात थबकला. मग तिने बाळाच्या कपाळावर पाणी घातलं.

मित्रांनो, मुलगी वाचली. आतड्याचा तुकडा कापावा लागला, पण माझा आकडा हळूहळू उतरत गेला. सगळे हसत होते, आणि तुइया माझ्याजवळ येऊन रडत होती. "पुढे जगेल त्या मुलीला देऊ, म्हणून मी आजीचं नाव मागे ठेवलं, यार्क्को. पोर जिवंत होती, आणि मी ती गेली असं धरून चालले." मलाही अपराधी वाटलं. आकडा खरा होता, पण तिने आशा सोडली ती माझ्याकडे बघून.

पुढे नवीन मशीन आलं. त्याला एकच थेंब पुरतो. मी बाहेर आलो.

यंदा बर्फ वितळू लागलं, तेव्हा तुइया मुलीला पोट तपासायला घेऊन आली. पोरीचे पुढचे दात पडलेले, तोंडाची टकळी चालू. "ये गं, माझ्या नावाच्या बाई!" नर्सने तिला जवळ घेतलं. पोरीने माझ्या पडद्यावर टकटक केली. "ह्यात माझं रक्त घालायचे? किती प्यालास रे माझं!" मग तिने एकदम विचारलं, "आई, तू मला हिचं नाव का दिलंस?"

तुइयाचा कप हातातच राहिला. "तुझ्यासाठी दुसरं नाव होतं. हेल्वी. मला वाटलं, तू जगणार नाहीस. म्हणून ते दिलं नाही. बिल्ल्यावरचं वाचलं. चुकलं माझं."

"मला तेव्हाच कळलं होतं गं," नर्स हळूच म्हणाली. "म्हणून तर सुट्टीच्या दिवशीही हिला बघायला येत होते."

पोरगी आईकडे वळली. "मग हेल्वी अजून कुणाला दिलं नाहीये?"

"नाही."

"मग मला दे ना. दोन नावं चालतात. मी जगले की!"

तुइयाने तिला पोटाशी धरलं आणि पहिल्यांदाच त्या नावाने तिला हाक मारली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. आकडेही जरूर बघा, ते बघूनच डॉक्टरने वेळेवर ऑपरेशन केलं. पण बाळासाठी ठरवलेलं नाव बाळालाच द्या. ते मला विचारून देऊ नका.