गुरुजींची पद्धत

थोरल्याने खोऱ्याचा दुसरा घाव घातला तसा धाकटा पाटाच्या पाण्यात तोंडघशी पडला. पाणी लाल झालं. भांडण पाण्याच्या पाळीवरून पेटलं होतं, पण नुसत्या पाण्यासाठी सख्ख्या भावाला कुणी असं मारत नाही. बांधावर दहाजण उभे होते, पुढे व्हायची एकाची छाती होईना. धाकटा कसाबसा काठच्या चिखलात सरकला, पण थोरला खोरं घेऊन त्याच्यावर उभाच होता. शेवटी कुणीतरी गुरुजींना आणायला पळालं.

गुरुजी काठी टेकत आले ते ऐटीतच. एकतीस वर्षं त्यांनी या गावची पोरं वळणावर आणली होती, हे दोघेही त्यांच्याच हाताखालचे. आपला शब्द अजून कुणी मोडत नाही, असं ते येईल त्याला सांगत. आताही त्यांनी दरडावलं, "खोरं खाली ठेव."

थोरल्याचा पुन्हा उगारलेला हात वरच्या वर थांबला.

"ठेवतो. पण चौथीत मी नापास होऊन याच्या वर्गात बसलो होतो, ते आठवतं का गुरुजी?"

गुरुजींना आठवलं. ज्याला पाढा येईल त्याने न येणाऱ्याच्या थोबाडीत मारायची, ही त्यांचीच पद्धत. धाकटा हुशार. वर्षभर तो भर वर्गात थोरल्याच्या थोबाडीत मारत होता. पोरं झटून अभ्यास करतात म्हणून तपासणीच्या साहेबांनी तेव्हा गुरुजींची पाठ थोपटली होती.

धाकट्याने चिखलातून कसंबसं तोंड वर केलं. दोन दात गेले होते.

"दादा, मी आधी हळूच मारायचो. मग गुरुजी मला सुट्टीत खोलीत नेऊन छडीने फोडायचे. उद्या जोरात मार म्हणायचे. तुला सांगायची लाज वाटली."

थोरल्याच्या हातून खोरं गळालं. तो धाकट्याशेजारी चिखलात बसला आणि ढसाढसा रडायला लागला. गुरुजींनी धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं, अंगातला सदरा काढून जखमेवर दाबून धरला. रक्त थांबेना. आणखी कोणाकोणाला आपण असं एकमेकांच्या अंगावर घातलं, ते त्यांना आठवेना, आणि त्याचीच त्यांना भयंकर लाज वाटली.

पोलीस ठाण्याचा जमादार आला, तोही त्यांच्याच शाळेतला. वही उघडून त्याने विचारलं, सुरुवात कुणी केली.

"मी," गुरुजी म्हणाले. "माझं नाव लिही."

जमादार कौतुकाने हसला. "गुरुजी, तुम्ही अजून पोरांना पाठीशी घालताच," म्हणाला, आणि त्याने थोरल्याच्या हातात बेड्या घातल्या.