डावा वाफा

“मातीचे हात घेऊन आत आलीस, तर उंबऱ्यावरच जेवायला बसवीन.”

आईचा तीस वर्षांपूर्वीचा हा दम लेकीच्या कानात अजून ताजा होता, आणि ती कोपरांपर्यंत माखून डाव्या वाफ्यातलं वाटाण्याचं रोप अलगद उपटत होती.

मुळांवर गाठी होत्या. मोहरीएवढ्या, दाटीवाटीने बसलेल्या. तिने एक नखाने चिरली. आत गुलाबी.

“तुम्ही इथे कशा गं बायांनो?” ती पुटपुटली.

प्रयोगशाळेत तिने वाढवलेले जिवाणू मुळांवर अशा गाठी करून हवेतलं नत्र मुळाशी आणून देतात. पेरणीआधी ते फक्त उजव्या वाफ्याच्या बियांना चोळायचे होते; डावा कोरा ठेवायचा. पेरणी आईने केली होती. आता दोन्ही वाफे सारखेच हिरवेगार. म्हणजे असले जिवाणू मातीत आधीपासूनच होते, आणि तिची तीन वर्षांची मेहनत फुकट. उद्या तसं कळवलं की काम बंद.

पण मन मानेना. शेजाऱ्यांना विचारून तिने त्यांच्या वाटाण्याचं एक रोप काढलं. पानं पिवळट, मुळं धुतलेल्या दोऱ्यांसारखी. गाठ औषधालाही नाही. माती तीच, पाणी तेच, बी एकाच पोत्यातलं.

आई पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

“आई, आधी कुठला वाफा पेरलास?”

“तू सांगितलास तो. कोरा.”

“आणि हात?”

“मला हात धुवायला शिकवतेस, चिमे?”

लेक हसली नाही. तिने दोन्ही रोपं आईच्या पुढ्यात ठेवली.

“कारण सापडलं नाही, तर उद्या लिहून द्यावं लागेल. जिवाणूंनी काही फरक पडत नाही म्हणून.”

आईने सोललेली शेंग तशीच उघडी धरली. दाणे काढायचे राहून गेले. मग तिचा अंगठा डाव्या वाफ्यातल्या रोपाच्या गाठींवरून सावकाश फिरला, तान्ह्याच्या टाळूवरून फिरावा तसा.

“बी चोळलेलं भांडं विसळलं मी,” ती मान खाली घालूनच म्हणाली. “पण त्यात जीव आहे म्हणाली होतीस ना. मोरीत ओतवेना गं. डावीकडे शिंपडून आले.”