अकरा महिने तेवढीच

चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात युद्धाच्या काळातल्या मुलांना अर्धं पान दिलंय. उरलेल्या अर्ध्यावर रणगाड्याचं चित्र आहे. त्या अर्ध्या पानात एक वाक्य असं: ‘वेढ्याच्या काळात आपल्या शहरातील बालकांनी हसतमुखाने सर्व हाल सोसले.’ एकवीस वर्षं मी ते वर्गात वाचून दाखवत आले. मुलांनी पाठ करावं, परीक्षेत रिकाम्या जागी ‘हसतमुखाने’ भरावं, मी बरोबरची खूण करावी, असं सुरळीत चाललं होतं.

यंदा माझ्या वर्गात शंकासूर होती. हे नाव मी ठेवलेलं नाही. तिसरीच्या बाईंनी मुलीबरोबरच ते माझ्या हवाली केलं होतं. नऊ वर्षांची पोर, बोट कायम वर.

“बाई, हसतमुखाने म्हणजे दात दाखवून की नुसतं?”

वर्ग खिदळला. मी डोळे वटारले, पण ती काही खाली बसेना.

“खरंच विचारतेय, बाई. माझी पणजी तेव्हा होती. ह्याच शाळेत होती. ती तर कधीच हसत नाही.”

“बघून सांगते,” मी म्हणाले. उत्तर येत नसलं की आम्ही शिक्षक असंच म्हणतो.

पण ते डोक्यातून जाईना. वेढ्याच्या वर्षी शाळा तळघरात भरायची एवढं मला ऐकून माहीत होतं. मधल्या सुट्टीत मी शिपाईमामांकडे किल्ली मागितली.

“तिथे मोडक्या बाकांशिवाय काय आहे, बाई?” मामा म्हणाले. “आणि बघायचंच असेल तर लवकर बघा. गुरुवारी रंगारी येतोय. शनिवारी वेढा उठल्याचा कार्यक्रम, मोठे साहेब येणार. सगळं पांढरं फटक करायचंय.”

आम्ही दोघांनी सहा बाकं ओढून बाजूला केली. त्यांच्यामागच्या भिंतीवर, माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंत, पेन्सिलीच्या आडव्या रेघाच रेघा होत्या. प्रत्येक रेघेपुढे बारीक, नेटकं अक्षर. ते शिक्षिकेचंच, मी शंभर हातांवरून ओळखलं असतं. तारीख प्रत्येक महिन्याची पहिली. नावं लाडाची: बोका, ढब्बू, उंदीर, टिटवी. पुढे वय. कुणीतरी दर महिन्याला मुलांची उंची मोजली होती.

मी मोबाइलच्या उजेडात ती भिंत वाचत बसले. मधली सुट्टी संपल्याची घंटाही मला ऐकू आली नाही.

मंगळवारी गणिताच्या तासाला मी वर्ग तळघरात नेला. एकतीस मुलं, आठ मोजपट्ट्या. इतिहासाचा शब्दही काढला नाही. “मोजा आणि वहीत लिहा,” एवढंच सांगितलं.

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग एकेक गट शांत होत गेला.

“बाई, ही टिटवी चुकीची आहे,” मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला. “अकरा महिने तेवढीच आहे.”

“परत मोज.”

त्याने परत मोजलं. मग शंकासूरने मोजलं. एकावर एक गिरवलेल्या रेघा होत्या त्या, अकरा तारखांच्या, जवळजवळ एकाच जागी.

“आपण तर वाढतो ना, बाई?” आमची चिमणी म्हणाली. वर्गातली ती सगळ्यात बुटकी. तिला कुणीतरी टिटवीच्या रेघेला पाठ लावून उभं केलं. रेघ तिच्या भुवईपाशी आली. टिटवीपुढे नऊ वर्षं लिहिलं होतं आणि चिमणीही नऊचीच. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणापेक्षा तरी उंच ठरली होती, पण तिला आनंद झाला नाही.

“खायला नसेल,” मागच्या बाकावरचा हळूच म्हणाला.

उंदराच्या रेघा पाचव्या महिन्यात थांबल्या होत्या. त्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. शंकासूरने वर केलेलं बोट खाली घेतलं.

बुधवारी ती पणजीला घेऊन आली. ऐंशी पार केलेली, सुतळीसारखी बाई, जन्मभर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम केलेली. अंगठ्याच्या नखाखाली डिंक कायमचा बसलेला. शंकासूरने घरी वही उघडून ‘टिटवी’ असं वाचलं आणि म्हातारीने हातातला पेला खाली ठेवला, असं मला नंतर कळलं.

तळघराच्या पायऱ्या ती एकटी उतरली, कुणाला हात लावू दिला नाही. थेट भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

“तुम्ही टिटवी का?” चिमणीने विचारलं.

“होते. ओरडायचे फार.” तिने रेघेवर बोट ठेवलं. “आमच्या बाई दर एक तारखेला उभं करायच्या. वर भोंगा वाजत असला तरी. मी चवड्यांवर उभी राहायचे, उंच दिसावं म्हणून. त्या गुडघ्यांवर बसून माझ्या टाचा खाली दाबायच्या. म्हणायच्या, ‘खोटी रेघ मी काढणार नाही. तुमच्यावर काय आणलंय ते भिंतीवर राहू दे.’”

“तुम्ही हसतमुखाने सोसलंत का?” शंकासूरने अखेर विचारलंच.

“हसायचो की. पोरंच होतो. ढब्बूला उचकी लागली की पोट धरधरून हसायचो. पण भूक हसत सोसलीय असं कोण म्हणतं?” म्हातारीचा आवाज चढला. “भूक लागली की आम्ही चावायचो एकमेकांना. मी माझ्या भावाचं दूध प्यायले. दोनदा. तो त्या जिन्याखाली झोपला होता.”



“किती?” मागच्या बाकावरच्याने विचारलं.

“अर्धा पेला. दोन्ही वेळा अर्धा अर्धा.”

“मग तुम्ही वाईट होता?”

“मी नऊ वर्षांची होते,” ती म्हणाली.

उंदीर म्हणजेच तो भाऊ. चिमणीने घाबरत घाबरत विचारलं, तो मेला का. “मरतोय कसला! गळ्यात चिठ्ठी अडकवून ट्रकमध्ये घातला आणि दूर पाठवला. चार वर्षांनी आला तर मला ‘ओ काकू’ म्हणाला. ओळखलंच नाही मेल्याने. आता एवढा ताडमाड झालाय. अजून भांडतो माझ्याशी फोनवर.”

मुलं हसली. म्हातारी नाही हसली, पण जाताना तिने चिमणीच्या जमिनीला टेकलेल्या टाचांकडे बघून मान हलवली.

त्याच संध्याकाळी हेडसरांनी मला बोलावलं. सर तसे वाईट नाहीत; वरून फोन आला की उभे राहून बोलणारे आहेत, एवढंच.

“बाई, शनिवार तोंडावर आलाय आणि तुम्ही पोरांना तळघरात नेऊन भुकेच्या गोष्टी सांगताय? तीन पालकांचे फोन आले. एका पोराने घरी दूधच प्यायलं नाही.”

“कोणी?”

“ते सोडा. साहेबांना शौर्य बघायचंय, रडगाणं नको. उद्या भिंत रंगवून होईल, विषय संपेल.”

“ती भिंत रंगवू नका, सर.”

“तुमच्या परवानगीने शाळा चालत नाही.”

“नाही चालत,” मी म्हणाले. “पण वेळापत्रकाने चालते. उद्या पहिला तास माझा गणिताचा आहे आणि आमचं मोजमाप अपुरं राहिलंय.”

गुरुवारी रंगारी बादल्या घेऊन खाली आला तेव्हा एकतीस मुलं भिंतीला पाठ लावून उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यामागे कुणाची ना कुणाची रेघ. मी फळ्याऐवजी जमिनीवर खडूने आलेख काढत होते.  

“सरका रे पोरांनो,” रंगारी म्हणाला.

“तास चालू आहे,” शंकासूर म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. जवळ येऊन दोन-तीन रेघा वाचल्या. “हे काय आहे?” चिमणीने त्याला सगळं सांगितलं, टाचा दाबण्यासकट. तो एक रिकामी बादली उपडी करून तिच्यावर बसला. “माझी मोठी मुलगी एवढीच आहे,” म्हणाला, आणि उठून समोरच्या भिंतीला भिडला.

सव्वा तासात तीन भिंती पांढऱ्या झाल्या. तोवर हेडसर खाली आले. मुलं तशीच उभी. घंटा होऊन गेली होती, पुढच्या तासाचे सर पायरीवर ताटकळत होते.

“बाई, मुलांना वर घ्या. ही शेवटची सूचना.”

“लेखी द्या, सर.”

“काय?”

“एवढंच लिहून द्या: वेढ्याच्या काळातल्या मुलांच्या उंचीची नोंद पुसून टाकण्यात यावी. खाली सही आणि शिक्का. मी स्वतः ब्रश घेते.”

सरांनी खिशातलं पेन काढलंसुद्धा. टोपण उघडलं. मग एकतीस तोंडं आपल्याकडे बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. टोपण लावून ते वर निघून गेले. पायऱ्यांवर त्यांचा बूट दोनदा अडखळला.

शनिवारी मांडव भरला होता. आमच्या चौथीला वरून आलेलं समूहगीत म्हणायचं होतं. संगीत भोंग्यावर लावलेलं, मुलांनी नुसतं सुरात गायचं. ध्रुवपदात ओळ होती, ‘चिमुकल्यांनी हसत हसत सोसले’. ती मुलांनी म्हटलीच नाही. तोंडं घट्ट मिटली. संगीत एकटंच पुढे गेलं, आणि ओळ संपल्यावर मुलं पुन्हा सुरात आली. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, विसरली. दुसऱ्यांदा कुजबुज झाली. तिसऱ्यांदा मांडवात कुणाच्या खुर्चीचाही आवाज नव्हता.

हे मी शिकवलं नव्हतं. आजवर कुणाला ते पटलेलं नाही, आणि मीही आता पटवत बसत नाही. शिकवायला सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मोठ्या साहेबांनी भाषण आवरतं घेतलं. सोमवारी मला नोटीस आली: रंगकामात अडथळा, विद्यार्थ्यांना चिथावणी, कार्यक्रमाची शोभा घालवणे. उत्तराला मी मुलांच्या एकतीस आलेखांच्या प्रती जोडल्या. महिन्याने मला शिक्षण कार्यालयात बोलावलं.

लांबलचक टेबल, तीन साहेब, पाण्याचा एक जग. त्यातल्या त्यात वयस्कर साहेब समजुतीने बोलले. “बाई, तुमची नोकरी स्वच्छ आहे. कशाला डाग? माफीपत्र तयार ठेवलंय, सही करा आणि मोकळ्या व्हा. चौथी तुमच्याकडेच राहील.”

“आणि नाही केली तर?”

“पुढच्या वर्षी पहिलीला जावं लागेल. बढतीचंही लांबेल.”

मी कागद ओढून घेतला. ‘माझ्या चुकीमूळे विद्यार्थांच्या मनावर विपरित परीणाम झाला,’ असं सुरू होत होतं. पर्समधून लाल पेन काढलं. साहेबांना वाटलं, सही करतेय. त्यांनी शिक्क्याची डबी पुढे सरकवली. मी ‘चुकीमुळे’चा उकार ऱ्हस्व केला, ‘विद्यार्थ्यांच्या’ला राहिलेला य दिला, ‘विपरीत’ आणि ‘परिणाम’ सरळ केले. पहिल्या परिच्छेदातच चार चुका निघाल्या. समासात लिहिलं, ‘पुन्हा लिहून आणा.’ सहीची जागा तशीच कोरी ठेवली आणि कागद परत दिला.

पहिलीला जाईन. तिथेही मुलंच असतात, आणि ती जास्त प्रश्न विचारतात.

पाचवा तास माझा होता. रिक्षा मिळाली, वेळेत पोहोचले.