नववी 'ब'चा डान्स

बॅचच्या मेळाव्याला मी जाणारच नव्हते. एक तर तो फ्लेक्स. त्यावर बायकांचे लग्नातले फोटो आणि बाप्यांचे गॉगल लावलेले. दुसरं म्हणजे गोरक्ष. वर्गात कायम मॉनिटर व्हायला धडपडायचा, आता पारनेरात मोबाईलचं दुकान टाकलंय आणि आमच्या ग्रुपचा ॲडमिन झालाय. पहाटे पाचला फुलांचे फोटो टाकतो मेला. वीस वर्षांनी मॉनिटरगिरी मिळालीय, आता सोडतोय व्हय!

पण त्यानंच एक दिवस ग्रुपवर टाकलं, की रशीदभाईंकडं आपल्या नववीच्या गॅदरिंगची कॅसेट सापडली, मेळाव्यात पडद्यावर दाखवणार. रशीदभाई म्हणजे आमच्या भागातल्या लग्नांचं शूटिंग करणारे. खाली सगळ्यांच्या टाळ्या आणि बदाम. आणि त्यातच मनकर्णाचा मेसेज, "मी येणार."

मी सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. पंचवीस पोरी हाताखाली, मला बघून गप्प होतात. त्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच मिटला. कॅसेट लागायच्या आधी मनकर्णाला गाठून मला एकच गोष्ट बोलायची होती. मनी, तुला मी कोंडलं होतं, मला माफ कर.

सांगते सगळं.

नववी 'ब'च्या आम्ही आठ जणी. त्या वर्षी सिनेमातलं एक गाणं असं गाजलं होतं, की रिक्षात तेच, पिठाच्या गिरणीत तेच, गणपतीपुढंही तेच. त्यावर आमचा डान्स. पहिलं कडवं एकीनं पुढं येऊन नाचायचं, बाकीच्या सात जणी मागं. पुढचीला लाल टिकल्यांची ओढणी, मागच्यांना पिवळ्या. आणि पुढची जागा काकासाहेब सरांनी मनीला दिली. सर चित्रकलेचे, डान्स कशाशी खातात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. "मनकर्णा उंच आहे, ती पुढं," एवढंच म्हणाले.

माझ्या अंगाची आग आग झाली. स्टेप कुणी बसवल्या? मी! मामाच्या टीव्हीपुढं गाणं लागायची वाट बघत बसायचे, आणि एकेक स्टेप वहीत माणसं काढून उतरवायचे. मामी म्हणायची, पोरगी खुळी झाली. आणि पुढं कोण, तर उंच म्हणून मनी!

गॅदरिंग संध्याकाळचं. मुलींना तयार व्हायला स्टेजला लागूनची प्रयोगशाळा दिलेली. आमच्या आधीचं नाटुकलं चालू असताना लाईट गेली. लोडशेडिंगची वर्षं ती, त्यात नवल नव्हतं. सगळ्या पोरी हुर्यो करत बाहेर पळाल्या. मी पिन विसरले म्हणून परत आले. आत कोपऱ्यात मेणबत्ती होती आणि एक जण पाठमोरी खाली बसून घुंगरू बांधत होती. डोक्यावर लाल ओढणी.

ठरवून काही केलं नाही, आईशप्पत. पण हातानं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. मोठी लोखंडी कडी, लावताना खाडकन वाजायची. तो आवाज मला अजून येतो. कंपनीत शटर पडलं तरी तोच येतो.

जनरेटर सुरू झाला, आमचं नाव पुकारलं. "मनी कुठंय?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "ओकतीय ती. मी करते पुढचं." पिवळ्या ओढणीतच पुढं गेले आणि अशी नाचले, की वन्स मोअर आला. दोनदा नाचले मी. झाल्यावर कडी काढू असं मनात होतं. पण शेजारणी गालावरून हात फिरवायला लागल्या, वडलांनी टेम्पो काढला, मला सगळ्यांनी उचलूनच टेम्पोत घातलं. फाटा गेल्यावर आठवलं. म्हटलं, उघडलं असेल कुणीतरी. शाळा माणसांनी भरली होती, उघडलंच असेल. हेच वीस वर्षं म्हणत आले.

मनी पुढं चार दिवस शाळेत आली नाही. आली ती माझ्याकडं बघेना. बाक बदलला. मला कळायचं ते कळलं. दहावी झाली, ती राहुरीला नांदायला गेली, मी इकडं. बोलणं ते संपलंच.

मेळाव्याला मी मुद्दाम लवकर गेले. मनी पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. अंगानं भरलेली, केस पिकू लागलेले, पण हसणं तेच. मी हात धरून तिला बाजूला ओढलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. लाईट, मेणबत्ती, कडी, सगळं.

मनीनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "अगं बये, मी कुठं हुते आत?"

"म्हणजे?"

"मला खरंच ओकारी झालेली. पडद्यातून लोकं बघितली आणि पायच गळाले माझे. लाईट गेली तशी मागच्या तारेतून घरी पळाले आन् गोधडी घेऊन झोपले. मला न्हाई कुणी कोंडलं."

"मग बोलली का नाहीस माझ्याशी?"

"लाजंनं! तू एकटीनं समदं निभावलंस, आन् मी पळपुटी. तोंड कसं दाखवू?"

मी रडले. मग हसले. मग दोघी गळ्यात पडून रडलो आणि हसलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! भाषणं झाली, सरांना शाल-श्रीफळ झालं, मी गुलाबजाम तीन वेळा मागून घेतला. गोरक्षलासुद्धा म्हटलं, झकास केलंस रे बाबा.

दुपारी कॅसेट लावायला सगळे एका खोलीत बसलो. आता तिला डिजिटल क्लासरूम म्हणतात, पण खोली तीच, प्रयोगशाळा. दार तेच, कडी तीच, फक्त निळा रंग दिलेला. खिडक्यांना पडदे ओढले, तसा भर दुपारी अंधार झाला. आम्ही चाळीस जण बाकांवर दाटीवाटीनं बसलो. मनी माझ्याशेजारी.

पडद्यावर आधी मुंग्या, मग स्टेज. गाणं सुरू झालं आणि सगळे ओरडले. मी पुढं, अंगात आल्यागत नाचतेय. कुणीतरी शिट्टी मारली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

गाण्याच्या खाली एक आवाज होता. धप, धप, धप. ढोलकीच्या ठेक्यात बसत नव्हता, कधी आधी पडायचा, कधी मागून. गोरक्ष म्हणाला, "स्पीकर फाटला हुता त्या टायमाला." पण पोरांना तो आवडला. त्यांनी त्यावरच टाळ्या धरल्या. धप, धप, धप. सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. मनीपण. मीपण.

गाणं संपलं. ढोलकी थांबली. निवेदक काहीतरी बोलत होता. आणि तो आवाज चालूच होता.

माझे हात थांबले. काय वाजतंय ते मला कळलं. लाकडी दारावर हाताचा तळवा. आपण बसलोय त्याच खोलीच्या दारावर.

"मने," मी हळूच म्हटलं, "तू घरी गेलीस, तर लाल ओढणी कुठं होती?"

मनी पडद्याकडं बघतच होती. "ती मी दिली की, त्या... मागच्या रांगेतलीला. म्हटलं, माझ्या जागी तू नाच. तिला समद्या स्टेपा येत हुत्या." 

"कोण मागच्या रांगेतली?"

मनीनं पडद्याकडं बोट केलं.

पडद्यावर वन्स मोअर सुरू झाला होता. मी मोजायला लागले. मी एक. मागच्या रांगेत दिसत होत्या त्या सगळ्यांची नावं मला येत होती. दोन, तीन, चार, पाच, सहा. मनी नाही म्हणजे सात असायला हव्यात. सहाच होत्या. मागं डावीकडं एक जागा मोकळी होती आणि शेजारची पोरगी दर वेळी तिकडं टाळी द्यायला हात पुढं करत होती, मग आपलाच हात मागं घेत होती.

दुसऱ्या कडव्याला तो आवाज थांबला. बाकीचं गाणं नुसतं गाणं होतं.

दारात बनुबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बनुबाई आमच्या वेळची शिपाईमावशी, आता म्हातारी झालीय, मेळाव्यासाठी मुद्दाम बोलावलेली. ती पडद्याकडं बघत नव्हती, कडीकडं बघत होती. मी उठून तिच्याकडं गेले.

"मावशी, त्या दिवशी इथं आत कोण होतं?"

मी तिच्या हातातला ट्रे घेतला.

"तुला कुनी सांगितलं?" ती म्हणाली. "मी तर कुनालाच बोलले न्हाई."

"कोण होतं?"

"रोडच्या कामावरची लोकं न्हवती का, फाट्याजवळ पालं टाकून ऱ्हायची? त्यातली पोर. चार-पाच महिनं आली शाळंत. कुना पोरीला कांजिन्या आल्या म्हनून सरांनी तिला नाचात घेतली." तिनं पदर तोंडाला लावला. "कार्यक्रम संपल्यावर मी कुलपं लावत आले. ह्या दाराला कडी हुतीच. आतून काय आवाज न्हवता. मी आत न बघताच कुलूप लावलं. सकाळी उघडलं तर ही कोपऱ्यात बसलेली. लाल ओढनी तशीच. हात सुजलेलं."

"रात्रभर?"

"व्हय. मी तिला पानी दिलं. काय बोलली न्हाई गं. माझ्याकडं बघितलं आन् घुंगरू हातात घिऊन चालाय लागली. मी भ्याले. नोकरी गेली असती माझी. चार दिसांनी पालं उठली, काम फुडं सरकलं. कुनी इचारायला बी आलं न्हाई."

मागं खोलीत "वन्स मोअर! वन्स मोअर!" चाललं होतं. गोरक्षनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. ढोलकी सुरू झाली, खालून धप, धप, धप, आणि चाळीस जणांच्या टाळ्या त्याच्यावर.

"बंद करा!" मी ओरडले. कंपनीत ओरडते त्याच्या दुप्पट. "टाळ्या बंद करा आधी!"

गोरक्षनं घाबरून बटण दाबलं. कुणीतरी पडदा सरकवला, ऊन आत आलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मग मी सगळं सांगितलं. माझी कडी, मनीची ओढणी. बनुबाईनं आपलं कुलूप आपणच सांगितलं. तो आवाज कशाचा तेही सांगितलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं आपले तळवे उघडून बघितले आणि पदराखाली घेतले.

काकासाहेब सर उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मीच घेतली होती तिला डान्समध्ये. बरोबर. हुशार होती."

"तिला शोधायचं," मी म्हटलं. "मला तिची माफी मागायचीय. कुठं का असंना, मी जाते."

गोरक्षबद्दल मी काय काय बोलले असेन, पण त्या वेळी तो लगेच उठला. खिशातून मोबाईल काढला, चष्मा वर सरकवला. "शोधू की. मी एवढे शोधले. दुबईतला उझैर शोधला, ही काय लांब हाय? रोडच्या कामावरची टोळी, मुकादमाला इचारू. तू फक्त नाव सांग."

त्याचा अंगठा मोबाईलवर थांबला होता.

मी मनीकडं बघितलं. मनीनं सरांकडं. सरांनी बनुबाईकडं. मागच्या रांगेत तिच्या शेजारी नाचलेल्या दोघी तिथंच बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडं. आम्ही रोज तिच्याबरोबर प्रॅक्टिस केली होती. मी तिला स्टेप शिकवल्या होत्या.

"नाव सांगा की कुणीतरी," गोरक्ष म्हणाला.